गोधडीखालचा हात

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या गाडीत मी स्वतः होते.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. भर दुपारची आहे.

मागच्या वर्षीचा श्रावण. नागपंचमीचा दुसरा दिवस. गाव मढ, तालुका जुन्नर. आमचं माहेर तिथलं. गावाच्या थोडं बाहेर, ओढ्याच्या अलीकडं आमची वस्ती आहे. माळशेज घाट जवळ, त्यामुळे श्रावणात आमच्याकडं ऊन असं दिसतच नाही. दिवसभर धुकं. दुपारी तीनला घरात लाइट लावावी लागते.

माझं नाव प्राची. मी ओतूरला शिवणकाम करते, तिथंच राहते. पंचमीला माहेरी आले होते. धाकटी बहीण समृद्धी आधीपासूनच तिथं होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आणलेली. तिचं सासर खोडदला. तारखेला अजून तीन आठवडे होते. बाळंतपण ओतूरला करायचं ठरलेलं. डॉक्टर ठरलेल्या, सगळं ठरलेलं.

त्या दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते.

ती एकदम म्हणाली, "ताई, थांब."

आणि तिच्या पायाखाली पाणी पाणी झालं.

पाणमोट फुटली होती. घाबरायचं काही नव्हतं. आई म्हणाली, "पाणी गेलं म्हंजी आता कळा येतील. आवरा लवकर." मी बॅग काढायला वळले.

तेवढ्यात समृद्धी म्हणाली, "ताई... काहीतरी बाहेर आलंय गं."

मी वाकून पाहिलं.

बाळ नव्हतं.

पिळाच्या दोरीसारखं काहीतरी. ओलं, निळसर-पांढरं. आणि ते... उडत होतं. नस उडावी तसं.

नाळ.

आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स मॅडम, जागृती, हाकेच्या अंतरावर राहायच्या. ओतूरच्या व्यापारी जैन घरातली मुलगी, माझ्यापेक्षाही लहान. आईनं फोन केला आणि त्या रेनकोट न घालताच पळत आल्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"कुणी हात लावू नका नाळेला. समृद्धी, उलटी हो. गुडघ्यावर. डोकं खाली, कंबर वर. लवकर!"

मला बाजूला घेऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "प्राचीताई, नाळ आधी बाहेर आलीय. आता वरून बाळाचं डोकं खाली आलं, की नाळ दाबली जाणार. नाळ दाबली की बाळाचा श्वास बंद. ऑपरेशन होईपर्यंत डोकं आतून वर ढकलून धरायचं. हात काढायचा नाही."

"किती वेळ?"

"पोचेपर्यंत."

त्यांनी हातमोजा घातला आणि हात आत घातला. समृद्धी किंचाळली.

एकशे आठला फोन लावला. गाडी दुसरा पेशंट घेऊन घाटाखाली गेली होती. वाट बघण्यात अर्थ नव्हता. चुलतभाऊ भरतदादाचा पिकअप दारात उभा होता. टोमॅटोचे क्रेट त्यानं अंगणातच फेकून दिले. खाली गाद्या टाकल्या, वर ताडपत्री बांधली. समृद्धीला तशीच, कंबर वर ठेवून, आम्ही तिघांनी उचलून गाडीत घेतलं. मॅडमचा हात आतच. त्या तिच्याबरोबर सरकत सरकत वर चढल्या.

आईला आम्ही घरीच ठेवलं. ती सारखी म्हणत होती, "सोडू नका गं बायांनो. सोडू नका."

समृद्धीच्या कमरेवरून आईची जुनी गोधडी घातली. मी तिच्या डोक्याशी बसले. मॅडमनी मला एक छोटं मशीन दिलं. डॉप्लर. पोटाला लावलं की बाळाचे ठोके ऐकू येतात.

"हे पोटाखालून धरून ठेवा. आवाज बंद होऊ देऊ नका."

मी धरलं. आवाज आला.

टपटप टपटप टपटप... घोडा पळावा तसा.

गाडी निघाली.

मागं ताडपत्रीखाली अंधार होता. बाहेर धुकं एवढं दाट, की मागच्या फटीतून रस्तासुद्धा दिसत नव्हता. भरतदादा दिवे लावून, हॉर्न वाजवत चालवत होता. प्रत्येक खड्ड्याला मॅडम डोळे मिटायच्या. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"हात बधिर होतोय," त्या पुटपुटल्या. "पण आहे. मी आहे."

टपटप टपटप टपटप...

गावाची वस्ती मागं पडली. धरणाच्या पाण्याकडून वारा येत होता. ताडपत्री फडफडत होती.

आणि भरतदादानं जोरात ब्रेक मारला.

धुक्यात रस्त्याच्या मधोमध म्हैस उभी होती. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच झालं, की मी पुढच्या पत्र्यावर आदळले आणि गाडी मागं हिसकली तशा मॅडम उलट्या बाजूला फेकल्या गेल्या. त्यांचं डोकं गाडीच्या मागच्या लोखंडी फाळक्यावर आपटलं. खणकन आवाज आला.

त्या तिथंच पडल्या. हलेनात.

मी मशीन सोडलं नव्हतं. ते पोटाला तसंच धरलेलं होतं.

टपटप... टप... टप...

घोडा थांबत होता.

टप...

...

टप...

"मॅडम! मॅडम, उठा!" मी ओरडले. मला जागेवरून हलता येत नव्हतं. समृद्धीचं सगळं वजन माझ्या मांडीवर होतं. तिला सोडलं असतं तर ती आडवी झाली असती.

टप...

पुढचा ठोका आलाच नाही.

मी वाट पाहिली. गाडी परत निघाली होती. भरतदादाला मागचं काहीच माहीत नव्हतं. इंजिनाचा आवाज होता, पावसाचा होता. मशीनमधून नुसती खरखर येत होती.

समृद्धीच्या लक्षात आलं. ती रडत म्हणाली, "कुणीतरी धरा गं. माझं बाळ धरा. कुणीतरी धरा..."

तेव्हा मला वास आला.

भिजलेल्या घोंगडीचा. आमच्या गाडीत घोंगडी नव्हती.

आणि मशीनमधून...

टप.

टप. टप.

टपटप टपटप टपटप...

घोडा परत पळायला लागला.

मी रडायलाच लागले. म्हटलं, मॅडमनी धरलं. देव पावला. "धरलंत ना मॅडम? सोडू नका आता, सोडू नका!"

मॅडमचा आवाज आला. पण तो गोधडीजवळून आला नाही. फाळक्याजवळून आला.

"काय... काय झालं?"

त्या तिथंच पडल्या होत्या, फाळक्याला टेकून. दोन्ही हातांनी डोकं धरलेलं.

दोन्ही हातांनी.

मी मशीनकडं पाहिलं. टपटप टपटप, जोरात चाललं होतं.

"मॅडम... तुमचा हात?"

त्यांनी दोन्ही हात वर करून पाहिले. एकावर मोजा होता, रक्तानं माखलेला. मग त्या गोधडीकडं बघायला लागल्या.

मीही पाहिलं.

समृद्धीच्या मागं, गोधडीखाली, एक उंचवटा होता. लांबट. कुणीतरी कोपरापासून हात पुढं केल्यावर दिसेल तसा. गाडी हलली की गोधडी हलायची.

तो उंचवटा हलत नव्हता.

"ताई," समृद्धी माझ्या मांडीत तोंड खुपसून म्हणाली, "हा कुणाचा हात हाय गं? लई गार हाय."

मी मशीन आणखी घट्ट दाबून धरलं.

"ताई, बोल ना. मॅडमचा न्हाई हा. मॅडमच्या हाताला मोजा व्हता."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "मॅडमच आहेत. तू बोलू नको. श्वास घे."

जागृती मॅडम रांगत पुढं आल्या. त्यांच्या भुवईवरून रक्त वाहत होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग गोधडीची कड उचलून आपला हात आत सरकवला.

आत चाचपलं, आणि एकदम तो ओढून घेतला. चटका बसल्यासारखा.

त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"काय?" मी नुसत्या ओठांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. मग माझ्या हातातल्या मशीनकडं बोट केलं. ठोके नीट होते. अगदी नीट. घरून निघताना होते त्याच्यापेक्षाही.

त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "काही करायचं नाही. हात लावायचा नाही. बाळ जिवंत आहे."

विचार करा. आम्ही दोघी, माझी बहीण, आणि ते. ताडपत्री बांधलेली, गाडी पळतेय. गोधडी उचलून बघायचं धाडस नाही. आणि "निघून जा" असं म्हणायचंही धाडस नाही. कारण ते निघून गेलं असतं, तर ठोके थांबले असते.

आयुष्यात मी कधी एवढी घाबरले नव्हते. आणि मनातल्या मनात मी त्यालाच विनवत होते. सोडू नको. सोडू नको.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. समृद्धी आता ओरडत नव्हती. ती एकदम शांत झाली होती. मधेच ती "हं" म्हणायची. हळूच. आपण कुणाचं तरी ऐकताना म्हणतो तसं.

"हं..."

मग थोड्या वेळानं परत.

"हं..."

डिंगोरे गाव मागं पडलं, तसं धुकं विरळ व्हायला लागलं. आमच्याकडं असंच असतं. तिकडं घाटाजवळ काळोख आणि दहा-बारा किलोमीटर अलीकडं आलं, की लख्ख ऊन. ताडपत्रीच्या भोकांतून उजेड आत आला. गोधडीवर उन्हाचे ठिपके पडले.

आणि मशीनमधला घोडा अडखळला.

टपटप... टप टप... टप...

समृद्धी झटकन म्हणाली, "ताई! ती सोडतीय गं! तिचा हात सुटतोय!"

तेव्हा जागृती मॅडमनी जे केलं, ते मी विसरणार नाही. त्यांनी नवा मोजा काढला. दातानं ओढून घातला. त्या हुंदके देत होत्या, पण थांबल्या नाहीत. गोधडीखाली हात घातला आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"बाई, आता मी धरते. द्या माझ्याकडं."

क्षणभर काहीच झालं नाही. मॅडमचे डोळे घट्ट मिटलेले.

मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "आलं. डोकं आलं माझ्या हातात."

टपटप टपटप टपटप...

गोधडीखालचा तो उंचवटा आता नव्हता. फक्त मॅडमचा हात होता. आणि घोंगडीचा वास गेला होता.

ओतूरला दवाखान्याच्या दारात सगळे तयार होते. समृद्धीचे यजमान ऋषी खोडदहून थेट आले होते. समृद्धीला तशीच थिएटरमध्ये नेलं, मॅडमचा हात आत ठेवूनच. आम्ही बाहेर उभे राहिलो.

मुलगी झाली. आधी रडली नाही. मग रडली.

डॉक्टर बाहेर आल्या. मॅडमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कमाल केलीस. मढपासून इथपर्यंत हात हलू दिला नाहीस?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "हलू दिला नाही."

भरतदादा बाकावर बसून पाणी पीत होता. मला म्हणाला, "प्राची, तुमी मागून सारखं काय ठोकत व्हता गं?"

"कुठं?"

"पत्र्यावर. ती म्हैस आडवी आली ना, तवापासून. जरा गाडी हळू केली, की लगेच ठक ठक ठक. म्हनलं, चला, घाई करत्यात. म्हनून म्या पळवली."

आमच्यातल्या कुणीच ठोकलं नव्हतं. माझ्या एका हातात मशीन होतं, दुसऱ्या हातात बहीण.



मॅडमना मी दोन दिवसांनी विचारलं. त्या डोक्याला पट्टी लावून बाळाला बघायला आल्या होत्या. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "बाईचा हात होता. खरखरीत, राबलेला. मी मनगट चाचपलं, वाटलं तुम्हीच हात घातलाय. तसाच वर सरकले, कोपर कुठंय बघायला..."

त्यांनी आपलंच कोपर दुसऱ्या हातानं धरलं.

"मनगट होतं, प्राचीताई. पुढं काही नव्हतं. गोधडीचा उंचवटा होता, पण आत काही नव्हतं."

समृद्धीनं आठ-दहा दिवस त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मग एकदा बाळाला पाजताना आपणहून बोलली. खाली बघत.

"ताई, ती बोलत व्हती माझ्याशी."

"कोण?"

"तीच. लई बारीक आवाज व्हता. म्हनाली, 'माझं कुनी धरलं न्हाई. कुनीच न्हाई धरलं.' सारखं तेच. मी नुसतं हं म्हनत व्हते."

"अजून काय म्हणाली?"

"मॅडमनी मागितलं तवा तिनं दिलं. आन जाताना म्हनाली, 'येते.'"

मी हसायचा प्रयत्न केला. "अगं, सगळेच म्हणतात ना 'येते'. 'जाते' कोण म्हणतं?"

समृद्धी हसली नाही.

मी आईला विचारलं. मढच्या रस्त्यावर पूर्वी असं कुणाचं झालं होतं का? अशी नाळ बाहेर येऊन कुणी बाई वाटेत गेली होती का? आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"येक असंल तर नाव सांगू," ती म्हणाली. "गाड्या नव्हत्या, रस्ता नव्हता. बाजेवर घालून, वर घोंगडी टाकून न्यायचे. पावसाळ्यात तर... किती गेल्या गं अशा. कुनाकुनाचं नाव घेऊ?"

आणि ती परत भाकरी थापायला लागली.

मला वाटलं होतं, गोष्ट इथंच संपली.

यंदाच्या मार्चमध्ये समृद्धीचा फोन आला. भर दुपारी. "ताई, खोडदला ये. आत्ता ये."

मी गेले. तिकडं आमच्या मढसारखं काही नाही. मोकळं रान, कडक ऊन, लांब त्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या. धुकं नाही, पाऊस नाही. घरात पंख्याची हवासुद्धा गरम लागत होती. समृद्धी बाळाला छातीशी धरून बसली होती. पोर मजेत होती, हसत होती. तिची आई मात्र पांढरीफटक पडली होती.

मुलगी तेव्हा सात महिन्यांची, नुकतीच सरपटायला लागलेली. समृद्धी तिला पलंगावर झोपवून कपडे आणायला बाहेर गेली. आत आली तर बाळ पलंगावर नव्हतं.

खाली फरशीवर होतं. उताणं.

पडल्याचा आवाज आला नव्हता. रडल्याचा आला नव्हता. कुठं लागलं नव्हतं, ओरखडासुद्धा नव्हता. नुसतं टक लावून वर बघत होतं.

"मी पळत गेले ताई. उचलायला वाकले. अंग उचललं..."

"मग?"

"डोकं उचलंना."

मी बाळाच्या मानेकडं पाहिलं.

"खालून कुनीतरी धरल्यासारखं. दोन्ही हातांनी ओढलं तरी न्हाई. मान ताणाया लागली तिची, मग मी सोडलं. आन तो वास आला. घोंगडीचा." ती रडायला लागली. "मला मॅडमचं आठवलं. मी म्हनलं, बाई, माझी लेक हाय. द्या. माझ्याकडं द्या."

"आणि?"

"लगेच न्हाई दिली."

पंखा फिरत होता. बाळ माझ्याकडं बघून हसत होतं.

"मी तीनदा मागितलं, ताई. तिसऱ्यांदा दिली."

मी बाळाला तिच्याकडून घेतलं. डोक्यामागं हात लावला. जावळ ओलं होतं. एवढ्या उन्हात, बर्फासारखं गार.

समृद्धी माझा हात घट्ट पकडून म्हणाली, "ती नसती तर ही जगली नसती, ठाऊक हाय मला. आन आज तिनं धरली नसती, तर डोकं फुटलं असतं. मी तिला वाईट कशी म्हनू? पन गाडीत येकदा मागितलं आन दिलं. आज तीनदा मागावं लागलं."

तिचा आवाज एकदम खाली गेला. कुणी ऐकेल म्हणून.

"पुढच्या वेळी न्हाई दिलं तर गं?"

मी बाळ परत तिच्या हातात दिलं. पोर आता धरून धरून उभी राहते. रोज पडते, सगळी लेकरं पडतात तशी.

पण पडल्यावर ती रडली, की आम्हाला बरं वाटतं.

रडली नाही, की समृद्धी हातातलं टाकून पळत सुटते.